चौकटीतलं निंदण

मी मूळची केनवडची, लग्नानं आसेगावले आली. शाळा चौथीपर्यंत, मग निंदण. आमी बौद्ध, घरी शेत नाही, म्हणून दुसऱ्याच्या वावरात बसून सरकत सरकत तण उपटायचं, हेच माहं काम. काय सांगू तुमाले, मी बोलत असली तरी हात आपला उपटत राह्यते, अजूनही.

बहात्तरच्या दुष्काळात गावाबाहेरच्या खदानीत आमी बायांनीच रस्त्यासाठी गिट्टी फोडली. पाऊस आला, काम बंद झालं, खड्डा तसाच उरला. दोन-तीन सालांनी सरकारनं तो मुरूम-मातीनं बुजवला, वरून गवताचं बी टाकलं आन् तारेचं कुंपण घातलं. हिरवं टिकलं तर जागा शेळ्या चारायले मोकळी, नाही तर बंद, असं ठरलं. तुमाले वाटंल त्यात काय. पण आमची शेळी कोणी आपल्या वावराच्या धुऱ्यावर, बांधावर उभी राहू देत नव्हतं. माही जाऊ सखू, तिचं घर दोन शेळ्यांवरच चाले.

ते हिरवं मोजायले एक साहेब मंगरूळपीरहून बसनं यायचे. त्यांच्यापाशी लाकडाची चौकट, हातभर लांब, हातभर रुंद. मले मजुरीवर धरलं. चौकट न पाहता पाठीमागं फेकायची, पडंल तिथं आतलं एक-एक रोप मोजायचं. मी म्हटलं साहेब, इथं तं नुसता मुरूम हाय, तिकडं चांगलं आलं, तिकडं ठेवू काय. ते म्हणाले बाई, चांगलं निवडून मोजलं तर ती मोजणी नाही, लबाडी झाली. मले पटलं. माणूस सरळ होता.

मग चौकट पडली त्या दहा जागी त्यांनी खुंट्या ठोकून सुतळी बांधली. म्हणाले, या चौकटी आता हलवायच्या नाहीत, दसऱ्यानंतर याच मोजीन, त्यावरच कागद जाईल, तोवर शेळी आत येऊ देऊ नका. राखण माह्याकडं.

मी राखली. एकही शेळी येऊ दिली नाही, सखूची पण नाही. पण दिवसभर बसून करायचं काय. साहेबानं पेरलेलं गवत म्हणजे पीक, बाकी सारा कचरा, असं माह्या डोक्यात. टाकळा, काटेमाठ, काय काय माजलं होतं. साहेब यायच्या आधी दहाच्या दहा चौकटी मी अंगणासारख्या साफ केल्या. पाहुणा यायचा असला तं घर झाडतोच ना आपण.

साहेब आले. पहिल्या चौकटीपाशी उभे राह्यले, दुसऱ्या चौकटीपाशी बसलेच खाली. म्हणाले, शेळ्या आल्या होत्या काय. मी म्हटलं शेळ्या कायले येतात, मी निंदलं. त्यांनी हातानं मोकळी माती चाचपली. मग म्हणाले, पेरलेलं गवत बहुतेक मेलंच होतं बाई, आपोआप आलेला कचराच माती धरून होता, मला तोच मोजायचा होता. कोणतं रोप किती होतं, सांगता येईल? मले काय सांगता येते. निंदणारी बाई तण मोजत नाही. मी म्हटलं लई होतं साहेब, लई होतं असं लिहा.

"जे दिसतं तेच लिहीन, बाई."

मी चौकटीबाहेरचं हिरवं दाखवलं. ते तिकडं गेले नाहीत, सुतळीतलंच मोजत राह्यले. निवडून मोजणं लबाडी, हे मलेच पटलं होतं.

कागदावर दहाही चौकटी जवळपास रिकाम्या गेल्या, जागा बंद राह्यली. पुढच्या उन्हाळ्यात सखूनं दोन्ही शेळ्या मंगरूळपीरच्या बाजारात नेल्या आन् रिकामं दावं घेऊन आली. माह्या दारात उभी राहून म्हणाली, "बाई, तुह्या हाताले जरा दम नव्हता काय?" मंग साल-दीड साल बोलली नाही.

आता सखू गेली. कुंपणही गेलं, तिथं कोणाचीही शेळी चरते, कोणी मोजायले येत नाही. मी सुनेची शेळी घेऊन जातो, बसली का हात टाकळ्याकडं जाते, मंग दोन्ही हात मांडीखाली दाबून बसतो. तुमी लिहून राह्यले तं लिहा. तण किती उपटलं ते मले सांगता येत नाही. शेळ्या दोन होत्या, एक काळी, एक बांडी, तेवढं पक्कं लिहा. जा आता, सुखी राहा.