यादीत एकच नाव

...आणि वर मलाच विचारतात, "तुम्ही जिन्यात का बसता हो?" हौस आहे मला! गार फरशीवर मांडी घालायची, मांडीवर लॅपटॉप, कुणी आलं की पाय आखडून वाट द्यायची... हौसच ती! अहो, स्वतःच्या घरच्या वायफायमधून स्वतःच्या हाताने बाहेर पडलेला माणूस आहे मी. हसू नका. म्हणजे हसा, पण आधी ऐका.

मागच्या गुरुवारची गोष्ट. बायकोची तीन वाजता मुलाखत, लॅपटॉपवर, शेवटची फेरी. ऑफिस बंद पडल्यापासून आठ महिने घरी होती बिचारी. सगळ्यांशी हसून बोलायची, पण मला कळत नाही का? त्या दिवशी सकाळपासून आरशासमोर, "नमस्कार, मला बारा वर्षांचा अनुभव..." मला वाटलं, आपणही हातभार लावावा. इथेच घात झाला! कारण आमच्या वरच्या मजल्यावर एक बासरीवाला राहतो, दिवसभर ऑनलाइन शिकवण्या घेतो, आणि मला दाट संशय की हा आमच्याच नेटवर फुंकतो. म्हटलं, आज याचा बंदोबस्त करू.

तुम्हाला सांगतो, तुम्ही कधी राउटरच्या आत गेलायत? जा एकदा! बाहेरून टीचभर डबा, दोन शिंगं, चार दिवे, आणि आत? अख्खं गाव आहे हो! या दारातून त्या दारात, प्रत्येक दारावर एक बटण, आणि ते कशासाठी हे लिहिणाऱ्यालाही माहीत नसावं. मी हरखून गेलो. फिरता फिरता एक यादी सापडली. यादीत ज्या यंत्राचा नंबर, त्यालाच वायफाय. बाकी सगळे बाहेर. वा! आता पहिलं नाव कुणाचं? सासूबाई आमच्याकडे राहायला आल्यात, मोठ्या आहेत, मान त्यांचा. घातला त्यांचा टॅबलेट. मग बायकोचा लॅपटॉप घालणार, मग माझा... तेवढ्यात खाली एक निळं बटण दिसलं. 'लागू करा.' आता शहाणा माणूस काय करेल? यादी पूर्ण करेल. मी म्हटलं, बघू या तरी काय होतं!

काय व्हायचंय? सगळं गेलं! बायकोचं गेलं, माझं गेलं, आणि ते परत आणायला ज्या पानावर जायचं, ते पानही गेलं. म्हणजे मी बाहेर उभा आणि दाराला आतून कडी! घड्याळात सव्वादोन.

तुम्ही म्हणाल, मोबाईलचं नेट वापरा. आमच्या घरात मोबाईलला रेंज एकाच ठिकाणी येते, बाथरूमच्या खिडकीत. मुलाखत तिथून द्यायची? नेटच्या कंपनीला फोन मात्र मी तिथूनच केला, बादलीवर बसून. तिकडून एक मधाळ आवाज, "सर, राउटरच्या पाठीला बारीक भोक आहे, त्यात टाचणी खुपसा, सगळं कोरं होईल." म्हटलं, मग? "मग आमचा माणूस येऊन सगळं पुन्हा भरेल, सर." कधी? "उद्या, सर. आणखी काही मदत?"

म्हणजे गावात शिरू शकेल असं घरात एकच यंत्र उरलं... बरोबर! गेलो सासूबाईंपुढे. त्या टॅबलेटवर बुद्धिबळ खेळत होत्या, कुठल्या तरी परक्या माणसाशी. "आई, जरा टॅबलेट..."

"थांबा जावईबापू, त्याचा वजीर पडतोय."

वजीर पडायला अकरा मिनिटं लागली! मग मी सगळं कबूल केलं. आता, आमच्या सासूबाई तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. त्यांनी चष्मा वर केला. "म्हणजे यादीत नाव नाही, तर लाईन नाही. एवढंच ना?" म्हटलं हो, तर ती यादीच बंद करून टाका. "बंद कशाला? चांगली पद्धत आहे. तिच्या लॅपटॉपचा नंबर आणा." मी हात पुढे केला तर टॅबलेट पदराआड! "नंबर म्हटलं मी."

नंबर लॅपटॉपच्या पोटाखाली चिकटवलेला. गेलो खोलीत, उचलला, उलटा केला. बायको किंचाळली, "अहो, काय करताय?" पुसतोय गं, कॅमेऱ्यात धूळ दिसते. "खालची?" मी तळहातावर नंबर उतरवला आणि पळालो. तीनला दहा कमी.

"बोला," सासूबाई म्हणाल्या. तोच एक्स्चेंजचा आवाज! मी म्हणायचं, चार, बी... त्यांनी परतून म्हणायचं, "चार. बी, बटाट्यातला. पुढे?" डी. "डी, डब्यातला. पुढे?" पुढे घाम! घामाने शाई पसरली, आणि शेवटचं अक्षर आठ आहे की बी, मलाच कळेना. तीनला तीन कमी. आतून हाक, "अहो, नेट का नाहीये?" आठ महिने, हो! आठ महिन्यांची वाट, आणि ती माझ्या तळहातावर पुसली गेली! सासूबाईंनी माझा हात धरला, उजेडात नेला, टक लावून पाहिलं. "आठ," म्हणाल्या. नक्की? "नक्की कशाला? बघू या तरी काय होतं!"

आणि खोलीतून आवाज आला, "नमस्कार, मला बारा वर्षांचा अनुभव..." मी तिथेच भिंतीला टेकून खाली बसलो. खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं.

नोकरी मिळाली हो तिला! सोमवारपासून जाते. आता खरी हसते.

मग मी म्हटलं, आई, आता माझा लॅपटॉप? तर त्यांनी राउटरचा पासवर्डच बदललेला! "तुम्हाला दिलं की तुम्ही परत बघणार काय होतं." रोज विचारतो. रोज तोच एक्स्चेंजचा आवाज, "लाईन व्यस्त आहे, थोड्या वेळाने प्रयत्न करा."

म्हणून हा जिना. इथे बासरीवाल्याचं वायफाय येतं. त्याचं स्वतःचंच होतं हो, पहिल्यापासून! भला माणूस, न मागता पासवर्ड दिला. एकच अट, सेटिंगला हात लावायचा नाही. मी म्हटलं, छे!... पण तुम्हाला सांगतो, त्याचा राउटर नव्या पद्धतीचा आहे. आत आमच्यासारखीच यादी, फक्त बटण हिरवं. हिरव्याने काय होत असेल? मी म्हटलं, बघू या तरी...

तो बघा, वरच्या पायरीवर बसलाय. बासरी मांडीवर ठेवून. विचारतोय, आता आत कसं शिरायचं? म्हटलं, सोपं आहे, घरात फक्त सासू हवी.

त्याचं तर लग्नच झालेलं नाही... तुमच्यापैकी कुणाकडे टाचणी आहे का हो?