आपल्यात चालत नाही

नीलांबरी: अजून किती ब्लॉक, शंतनू? एकदाच सांगून टाक. म्हणजे मी इथेच फुटपाथवर बसते.

शंतनू: दोनच. मॅपवर दाखवतंय ना. थाळी मिळते, प्युअर व्हेज आहे, रेटिंग चांगलं आहे आणि डाउनटाउनवाल्यांसारखा गळा कापत नाहीत.

नीलांबरी: मागच्या ठिकाणाबद्दलही तू हेच म्हणाला होतास. गेलो तर बुफे आवरून माणूस टेबलं पुसत होता.

शंतनू: मग त्याला मी काय करू? पार्किंगमध्ये वेळ कुणी घालवला? तूच म्हणालीस, इथे नको, गाडी टो करतील.

नीलांबरी: बाप्पा! म्हणजे आता माझंच चुकलं. त्याच्या आधी ते इथिओपियन हॉटेल होतं. मसुराची आमटी, कोबी, पालक, सगळं व्हेज आणि स्वस्त. ती बाई दारात येऊन किती प्रेमानं बोलावत होती. तू काय विचारलंस तिला? 'तुमची भांडी वेगळी आहेत का?' मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

शंतनू: विचारायला नको? त्याच कढईत मटण करत असतील तर? आईला चालत नाही. मला काय हौस आहे का वणवण करायची? नेपरव्हिलहून गाडी काढून शिकागोला आलोय, जायच्या आधी एकदा तिला शहर दाखवू म्हणून. हे सगळं माझ्यासाठी नाही चाललंय. आईसाठी चाललंय.

शरयू: माझं नाव घेऊ नकोस.

शंतनू: काय?

शरयू: माझं नाव घेऊ नकोस म्हटलं. सकाळपासून ऐकतेय. आईला चालत नाही, आईला वास येईल, आईला चीज सँडविच चालेल. तुझ्या आईला पाय पण आहेत. ते दुखतायत.

नीलांबरी: आई, पाणी देऊ? पर्समध्ये थोडा चिवडा आहे.

शरयू: चिवडा नको गं. सकाळपासून चिवड्यावरच तर आहे मी.

शंतनू: दोन ब्लॉक, आई. प्लीज. एवढं एक दुकान पटकन ओलांडू. नाकाला ओढणी लाव, आत मासे तळतायत. काय वास सुटलाय, यार! चल, आई. आई? थांबलीस का?

शरयू: हे हॉटेल आहे ना?

शंतनू: बांगलादेशी लोकांचं आहे. चल लवकर.

शरयू: मला इथे जेवायचंय.

शंतनू: चक्कर येतेय का तुला? अगं, हे नॉनव्हेज आहे.

शरयू: मला वाचता येतं. काचेवर फोटोही लावलाय. मासा आहे, भात आहे. मला इथे जेवायचंय.

शंतनू: अगं पण आपल्यात चालत नाही!

शरयू: आपल्यात म्हणजे कोणात रे?

शंतनू: म्हणजे... आपल्यात. आपल्या घरात. आख्खं आयुष्य तू कधी—

शरयू: माझं माहेर वेंगुर्ल्याचं. माझे वडील सकाळी उठून स्वतः बंदरावर जायचे. बांगड्याचे डोळे बघून बांगडा घ्यायचे. ताटात मासा असला की घरात चिडीचूप, बोललं की आई ओरडायची. आणि ज्या दिवशी मासा नसेल त्या दिवशी आम्ही पोरं रुसून बसायचो. तुला माहीत नाही हे?

शंतनू: माहीत आहे गं. पण लग्नानंतर तू सोडलंस ना? तुला नकोसंच झालं. वाससुद्धा सहन होत नाही तुला.

शरयू: असं कोण म्हणालं?

शंतनू: तूच.

शरयू: मी नाही. तुझे बाबा म्हणायचे. लग्न नवं असताना मालवणला गेलो होतो. किनाऱ्यावर मासेवाल्या टोपल्या मांडून बसल्या होत्या, त्यातल्या एकीसमोर मी उभी राहिले. नुसती उभी राहिले. तर हे घाईघाईनं आले, माझा दंड धरला आणि म्हणाले, 'चल, तुला वास सहन होत नाही ना.' तेव्हापासून घरादाराला तेच ठाऊक. मघाशी तू अगदी तस्साच बोललास. म्हणे नाकाला ओढणी लाव!

शंतनू: मग तेव्हाच सांगायचंस त्यांना!

शरयू: काय सांगणार? मला बघायला आले तेव्हाच तुझी आजी म्हणाली, 'मुलगी पसंत आहे, पण आमच्यात चालत नाही हं.' माझ्या वडिलांनी तिथल्या तिथे शब्द देऊन टाकला. मी पोह्यांची बशी घेऊन समोर उभी होते, पण मला कुणी विचारलं नाही. पुढे माहेरपणाला गेले तरी आई सगळ्यांना मासे वाढायची आणि मला वरण-भाताचं वेगळं ताट. का, तर शब्द दिलाय. माझ्याच घरात, माझ्याच भावंडांच्या पंगतीत! आमची मालवणीसुद्धा तुझ्या आजीला खेडवळ वाटायची. तीही सोडली मी. पण ती निदान मनातल्या मनात बोलता येते. मासा मनातल्या मनात कसा खाणार?

नीलांबरी: आई, तुम्ही हे कधीच बोलला नाहीत.

शंतनू: आई, मला वाईट वाटतंय. रिअली. पण हे आत्ता? असं रस्त्यात? बाबांना जाऊन अजून दोन वर्षं झाली नाहीत. म्हणजे ते गेले आणि तुला रान मोकळं झालं?

नीलांबरी: शंतनू! काय बोलतोयस?

शरयू: बोलू दे त्याला.

शंतनू: नाही, मला तसं म्हणायचं नव्हतं.

शरयू: तसंच म्हणायचं होतं. तर आता नीट ऐक. तुझ्या बाबांचं पथ्य, त्यांची औषधं, शेवटी ती नाकातली नळी, सगळं मी केलं. ते असताना मी मासा तोंडाला लावला नाही. त्यांच्या चोरून मैत्रिणीकडे जाऊन खाल्ला असता तर कुणाला कळणार होतं? बायका खातात. घरात एक आणि बाहेर एक. मला तसलं जमलं नाही. मग आता झालं असेल रान मोकळं तर झालं! मी काय कुणाची चोरी केली?

नीलांबरी: घरात एक आणि बाहेर एक. ऐकलंस, शंतनू?

शंतनू: नीलू, तू मध्ये पडू नकोस.

नीलांबरी: पडणार. आई, हा तुमचा मुलगा ऑफिसातल्या लोकांबरोबर बोटं चाटून चिकन विंग्ज खातो. आणि तुम्ही यायच्या आदल्या दिवशी आमच्या फ्रीजरमधली कोळंबी, सुरमईचे तुकडे, सगळं पिशव्यांत भरून शेजारच्या रुहीच्या गराजमधल्या फ्रीजरमध्ये ठेवून आला. तुम्ही आल्यापासून तिथेच पडलंय. मला बेकिंग सोडा देऊन फ्रीज घासायला लावला. माझी नखं गेली.

शंतनू: अगं, हे आत्ता सांगायची काय गरज होती?

नीलांबरी: तेव्हाच होती. मी म्हटलंही होतं, आईंना एकदा विचारू. तू म्हणालास, विचारायचं काय त्यात, आईला शॉक बसेल.

शंतनू: आई, तुला त्रास होऊ नये म्हणून केलं गं मी. खरंच.

शरयू: मला माहीत होतं.

शंतनू: काय माहीत होतं?

शरयू: कितीही सोडा लावा, दाराच्या रबराला वास राहतोच. आल्या दिवशी बर्फ घ्यायला फ्रीजर उघडला आणि कळलं. नीलांबरी, तू विचारायचीस ना मला, 'आई, सारखा बर्फ कशाला लागतो?'

नीलांबरी: हो. मला वाटलं, हीटिंग जास्त होतंय तुम्हाला.

शरयू: बर्फ कुणाला हवा होता? उघडायचे, जरा वेळ उभी राहायचे आणि बंद करायचे.

नीलांबरी: अरे देवा.

शंतनू: आई, एक शब्द बोलायचास ना!

शरयू: तू एक शब्द विचारायचास! फोनला विचारतोस. त्या बाईला तिची भांडी विचारतोस. पार्किंगच्या खांबावरची पाटी तीन-तीनदा वाचतोस. आईला विचारलंस कधी, बाई, तुला काय खायचंय? तुझ्या बाबांनी जन्मात विचारलं नाही, पण ते जुन्या वळणाचे होते. तुला काय धाड भरली होती?

शंतनू: ओके. ओके, माझं चुकलं. पण दादाला कळलं ना, तर संजयदादा मला उभा सोलेल. म्हणेल, अमेरिकेत नेऊन आईला बाटवलीस.

शरयू: सांग त्याला. मीच सांगते. आणि त्याचं नाव काढलंस ते बरं केलंस. मंगळवारी माझं विमान. मग मी पुण्यात, त्याच्या घरात. चातुर्मासात तुझी वहिनी कांदासुद्धा घरात आणू देत नाही. तिथे मी बांगडा मागणार आहे का? परत इथे यायला हे पाय राहणार आहेत का? मला आज खायचंय. आत्ता. तुम्हाला नको असेल तर जा तुमच्या त्या थाळीला. मी जाते एकटी. 'फिश' म्हणण्याइतकं इंग्रजी मला येतं.

नीलांबरी: मी तुमच्याबरोबर येतेय. मी तर रुहीच्या गराजचं स्वप्न बघत होते इतके दिवस.

शंतनू: अगं, पण हिची सवय गेली असेल. बंगाली मासे, केसासारखे काटे असतात त्यात. एखादा घशात अडकला तर? इमर्जन्सीत किती तास बसवून ठेवतात माहितीये? आणि हिचा ट्रॅव्हल इन्शुरन्स तर—

शरयू: शंतनू.

शंतनू: काय?

शरयू: दार धर.

(आत. भिंतीलगतचं टेबल. शंतनूनं फोन उलटा ठेवला आहे.)

नीलांबरी: आई, ते म्हणतायत, हिलसा आहे, मोहरीच्या वाटणातला. शेवटचे तुकडे उरलेत. घेऊ ना? आणि शंतनू, तिकडे बोर्ड बघ. तुझ्या थाळीपेक्षा स्वस्त आहे. तुझी तीही अट बसली.

शंतनू: बघितला. मी व्हेज बिर्याणी घेतो.

शरयू: घे. विंग्ज असतील तर विचार.

शंतनू: आई, आता टोमणे नकोत ना.

शरयू: टोमणा नाही, राग आहे. तो काही इतक्यात जायचा नाही. भात आला म्हणून राग जात नाही.

नीलांबरी: आलं, आलं. जपून, ताट गरम आहे. चमचा घ्या, आई.

शरयू: मासा चमच्यानं कोण खातं? ठेव तो बाजूला. हं... मोहरीचं तेल आहे. खोबरं नाही, कोकम नाही. आपल्याकडचा नव्हेच हा.

शंतनू: आवडला नाही का? दुसरं काही मागवू?

शरयू: नाही आवडला असं म्हटलं का मी?

शंतनू: हळू खा गं. मी काटे काढून देऊ का?

शरयू: तू? तुला अजून आंबा खाता येत नाही शर्ट माखल्याशिवाय.

नीलांबरी: तू नुसता बघ, शंतनू. आईंची बोटं बघ. चिमटीत घेतला, दाबला आणि सगळे काटे ताटाच्या कडेला. मी एवढी वर्षं खातेय, मला नाही जमत असं.

शंतनू: आई... रडतेयस?

शरयू: हो, रडतेय. राग येतोय आणि चवही लागतेय, दोन्ही एकदम. तू माझ्याकडे बघत बसू नकोस. तुझी बिर्याणी खा.

शंतनू: नको मला बिर्याणी. आई, मला... त्यातला थोडा देशील?

शरयू: ताट पुढे कर. असं नाही, नीट धर. हा मऊ भाग घे. भाताबरोबर खा, नुसता नको.

शंतनू: आई, बाबांना खरंच कळत नसेल? की कळत होतं, आणि तरी ते—

शरयू: गप जेव. काटो लागात.