लॉकरची दुसरी किल्ली

— नाही, तिथं नको, जरा बाजूला सरका. कॅलेंडर कशाला काढलंत? मी म्हटलं होतं कपाटाच्या आत बसवा, कपड्यांच्या मागं, कोणाला दिसायला नको — काय? कपाटाची पाठ प्लायची आहे, बोल्ट धरणार नाही? बरं. मग भिंतीवर बसवा, पण चांगलं दीड-दोन हात डावीकडं. हे भोक? खिळ्याचं आहे. घड्याळाचा मोठा खिळा होता, उपटताना प्लास्टर घेऊन आला. टॉर्च कशाला मारताय आत, साईनाथ? लॉकर बसवायला आलात की पंचनामा करायला?

पंचनामे मी पुष्कळ पाहिलेत हो — चौतीस वर्षं पेपरात काढली, त्यातली वीस गुन्ह्यांच्या बातम्या करण्यात. ही आसपासची गावं महापालिकेत आली तेव्हा कोणाच्या वावरात कोणाची इमारत उभी राहिली, सातबारावर कोणाचं नाव परस्पर चढलं, हे नावानिशी छापणारा मीच. तुम्ही कात्रजचे ना? मग तुमच्या वडिलांना विचारा, त्यांना आठवत असेल. मग फोन यायला लागले. शिव्या नाहीत बरं का, शिव्या देणाऱ्याला मी घाबरत नाही — अगदी सभ्य आवाज. तुमचा विक्रम कॉलेजातून कोणत्या रस्त्यानं घरी येतो, ते मला वळणांसकट सांगायचे. म्हणून हत्याराचा परवाना. आयुक्तालयात अकरा चकरा. मुलाखतीत साहेबांनी विचारलं, पत्रकाराला लेखणी पुरत नाही का. मी म्हटलं, पुरते, फक्त तिच्यासोबत एक शिपाई द्या. हसले नाहीत. पण परवाना दिला.

दुकानदार म्हातारा होता, खवचट. म्हणाला, घरासाठी घेताय ना, मग रिव्हॉल्व्हर घ्या — चक्र बाहेर काढलं की सगळी घरं डोळ्यांना दिसतात, भरलेली की रिकामी. पिस्तुलाचं तसं नाही. मॅगझिन काढून बाजूला ठेवलं तरी एक गोळी नळीत बसलेली राहू शकते, ती बाहेरून दिसत नाही. स्लाइड मागं ओढायची, आत बघायचं, बोट घालून बघायचं. दर वेळी. हे ‘दर वेळी’ तो दोनदा म्हणाला. आणि मी काय घेतलं? पिस्तूल. का? चपटं असतं, शबनममध्ये दिसत नाही — हे मी सगळ्यांना सांगतो. खरं म्हणजे मला कोणी शिकवायला लागलं की मी बरोबर उलटं करतो. माझ्या सगळ्या संपादकांना विचारा, जे हयात आहेत त्यांना.

चालू द्या तुमचं ड्रिल, मी मोठ्यानं बोलतो, आवाज आहे अजून.

तर ठेवायचं कुठं? या कपाटात, इस्त्रीच्या शर्टांखाली, आणि कपाटाची किल्ली देव्हाऱ्यात, बाळकृष्णाच्या मागं. हसू नका. या शहरात कुठल्याही घरात जा, कपाटाची किल्ली देवाच्या मागं असते आणि घरात नवीन आलेल्या माणसालाही ती तिसऱ्या दिवशी सापडते. माझी सून, तेजस्विनी — तुम्हाला फोन करून बोलावलं ती — लग्न होऊन आली तेव्हापासून म्हणत होती, बाबा, भिंतीत बोल्ट मारलेला लॉकर घ्या, पिस्तूल रिकामं करून त्यात, गोळ्या दुसऱ्या कुलपात. मी म्हटलं, म्हणजे चोर आला की आधी हे कुलूप, मग ते कुलूप, तोवर त्याला काय भडंग द्यायचं? सगळे हसले. ती नाही हसली. इंजिनियर आहे ना, तिला विनोदातही लोड किती येतो ते दिसतं.

आता तर तिनं कमालच केली आहे. नंबर माझा, किल्ली तिची. दोन्ही लागल्याशिवाय दार उघडायचं नाही — बँकेच्या लॉकरसारखं. आधी तर म्हणाली, पोलिस ठाण्यात जमाच करून टाका, निवडणूक आली की करताच ना. मी कायदा काढला. परवाना माझ्या नावावर, ताबा माझा, सुनेच्या ताब्यात हत्यार देता येत नाही. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ठीक आहे, मग कोणाच्याच एकट्याच्या ताब्यात नको. आणि फोन ठेवला. आता सांगा, उद्या कोणी दार फोडून आत आला तर मी काय म्हणू? बसा, सूनबाई बिबवेवाडीहून निघाली आहे, बिबवेवाडीच्या सिग्नलला अडकली असेल, तोवर पाणी घेता का?

हो, बिबवेवाडीला असते ती सध्या. माहेरी. नातीला घेऊन. अकरा दिवस झाले. विक्रम रात्री जेवायला तिकडंच जातो, इथं येतो झोपायला, सकाळी ‘बाबा, निघतो’ म्हणतो. एवढंच म्हणतो. लॉकर बसला, त्याचा फोटो गेला, किल्ली तिच्या हातात पडली की मग ती परत यायचा विचार करणार आहे. विचार, बरं का. येणार असं नाही म्हणाली.

किल्ली ती काय, त्या खोक्यात एकच होती. कंपनी एकच देते. बघा हवं तर.

काय बघताय परत तिकडं? सांगितलं ना, खिळ्याचं — बरं, नाही खिळ्याचं. तुम्ही रोज भिंतींना भोकं पाडता, तुम्हाला काय सांगायचं. खंडेनवमीला झालं. आमच्याकडं त्या दिवशी हत्यारं पुजतात, माझे आजोबा तलवार आणि विळे पुजायचे, मी पाटावर माझं जुनं शाईचं पेन ठेवतो आणि त्याच्या शेजारी पिस्तूल. दर वर्षी. झेंडूचं फूल, हळदीकुंकू. मॅगझिन मी स्वतः काढलं होतं, वेगळं ठेवलं होतं, अगदी सगळ्यांदेखत. रिकामं झालं म्हणून सांगितलं. पाट हलला आणि — नाही. पाट हलून पिस्तूल उडत नाही, खरं आहे. मैनानं उचललं. माझी नात, सात वर्षांची. पोरं उचलतात हो, लक्ष नसलं की —

थांबवा ते जरा. थांबवा.

तिनं नाही उचललं. मी दिलं. तिच्या हातात मी दिलं, फोटो काढायला. मोबाइल हातात घेऊन मीच तिला सांगत होतो, दोन्ही हातांनी धर, अशी, आजोबांची नात शोभतेस. कुंकू लावलेलं होतं तिच्या कपाळाला. आणि तेजस्विनी स्वयंपाकघरातून निरांजन घेऊन येत होती, इथून, तुम्ही उभे आहात तिथूनच. साधारण तुमच्याच उंचीची आहे ती. भोक कोणत्या उंचीला आहे बघा — नको, डोकं लावून बघू नका. या बाजूला या.

नळीत एक होती. कशी होती? ते मला नंतर आठवलं. भाद्रपदात एक दिवस दुपारी बेल वाजली, दाराच्या भोकातून पाहिलं तर दोन अनोळखी माणसं, हातात काहीतरी लोखंडी. मी पिस्तूल काढलं, स्लाइड ओढली, दाराआड उभा राहिलो. ती गॅसचं मीटर बघायला आलेली माणसं होती. पावती वगैरे देऊन गेली. मी मॅगझिन काढलं, शर्टांखाली ठेवलं, संपलं. आत बघितलं नाही. बोट घातलं नाही. ‘दर वेळी’, तो म्हातारा म्हणाला होता.

पोलिसांना कळवलं का? तुम्ही विचारलं नाहीत, पण तोंडावर आहे तुमच्या. नाही कळवलं. शेजाऱ्यांना म्हटलं, कुकरचं झाकण उडालं. मी, ज्यानं आयुष्यभर लोकांना विचारलं की तुम्ही लपवलंत का. एकदा एका लग्नात वरबापानं हवेत गोळी झाडली होती, गच्चीवरची एक मुलगी जखमी झाली, आणि सगळं गाव म्हणत होतं की फटाका लागला. मी चार दिवस त्या माणसाच्या दारात उभा होतो. चार दिवस. गुन्हा दाखल झाल्याशिवाय हललो नाही. आणि इथं मी दुसऱ्याच दिवशी बाजारात जाऊन हे कॅलेंडर घेऊन आलो — दसऱ्याला कोण कॅलेंडर घेतं? दुकानदारानं अर्ध्या किमतीत दिलं.

आणि ते फोन — ते आता येत नाहीत. सात-आठ वर्षांत एकही नाही. येतील कशाला? मी छापतो कुठं? ज्यांच्याबद्दल लिहिलं ते आता वाढदिवसाच्या फ्लेक्सवर हात जोडून उभे असतात, त्यांना माझं नावही आठवत नसेल. मग ठेवलं कशाला एवढी वर्षं? दर वेळी परवान्याचं नूतनीकरण करताना अर्जावर लिहायचं असतं, जिवाला धोका. ते लिहिताना बरं वाटायचं हो. आहे म्हणजे कोणीतरी अजून. कोणीतरी आपल्यावर चिडलेलं आहे — जाऊ द्या. हे तुम्हाला कशाला सांगतोय मी.

आवाज झाला तेव्हा मैना रडली नाही. पिस्तूल तिनं खाली ठेवलं, नीट, फुलाशेजारी, आणि मला विचारलं, “आजोबा, मी काय चूक केली?” मी काय उत्तर दिलं माहीत आहे? मी म्हटलं, नीट धरलं नाहीस. हे म्हणालो मी. तिला. तेजस्विनीनं निरांजन जमिनीवर ठेवलं, ते विझलंसुद्धा नव्हतं, आणि एवढंच म्हणाली, “बाबा, तुम्ही दिलंत.” मग बॅग भरायला गेली.

झालं? बोल्ट हलवून बघा. हं. घट्ट आहे. हे घ्या, तुमच्यासमोर करतो — मॅगझिन वेगळं. स्लाइड मागं. या, बघा आत. नाही, तुम्ही बघा, माझ्या एकट्याच्या बघण्यावर नको. दिसतंय रिकामं? आता माझं बोट. रिकामं. गोळ्या त्या पलीकडच्या पेटीत, तिचं कुलूप वेगळं. ठेवलं. नंबर टाकतो, तिकडं तोंड करा. लावा दार. काढा फोटो, पाठवा तिला. किल्ली त्या पाकिटात घाला आणि चिकटवा.

मग आता का उभे आहात? पैसे तिनं दिलेत म्हणालात. फोन कशाला दाखवताय, चष्मा नाही माझ्याकडं — आणा इकडं. तेजस्विनीचा मेसेज? ‘साईनाथ, किल्ल्या दोन येतात. दोन्ही आणा.’

…

घ्या. बंडीच्या खिशात होती. खोकं मी सकाळीच उघडलं होतं, तुम्ही यायच्या आधी. असं बघू नका माझ्याकडं.

पाकीट नीट चिकटवा. सरळ बिबवेवाडीला जा, वाटेत दुसरं काम घेऊ नका, आणि सुनेच्याच हातात द्या. नात दारात आली आणि काही विचारलं तर तुम्ही काही सांगू नका, ते मला सांगायचं आहे. कॅलेंडर? नको, लावू नका. राहू द्या भिंत तशीच. निघा आता.