सुतारकाकांच्या तळहातातला जंतू

—नाही नाही, घाबरू नका हो सुतारकाका, वाईट बातमी असती तर डॉक्टरांनी बोलावलं असतं, मी प्रयोगशाळेतली बाई, मी कशाला बोलावू? माझ्याकडची बातमी एकदम झकास आहे — बसा ना, त्या स्टुलावर नको, ते डुगडुगतं — हां. तर तुमच्या तळहाताला पटाशी लागली, जखम काही केल्या भरेना, डॉक्टरांनी पू काढून इथे पाठवला, बरोबर? त्यात एक जंतू निघाला. आमचं मशीन म्हणालं, ओळखत नाही. पुन्हा घातला — ओळखत नाही! साहेब म्हणाले, बाहेरचं काहीतरी पडलं असेल, टाकून द्या. मी टाकते होय! मी त्याची जनुकं वाचून घेतली, जगभरातल्या नोंदींशी ताडून पाहिली, आणि काका, कुणाशीच जुळेना! जवळात जवळचा नातेवाईक निघाला तोही इतका लांबचा, की लग्नाला बोलावलं नाही तरी रुसणार नाही. म्हणजे काय? म्हणजे नवा! अख्ख्या जगात कुणी न पाहिलेला, आणि राहायला कुठे, तर तुमच्या हातात! हसताय काय, मी तर इथे एकटीच नाचले, मग झाडूवाल्या मावशींनाही नाचवलं. घरी सासूबाईंनी विचारलं, अगं, मग तो आता मारायचा की जपायचा? काय तरी विचारतात — जपायचाच की!

आणि जपला हो, जिवापाड जपला. काचेच्या बशांत वाढवला, झाकण घट्ट लावून फ्रिजमध्ये ठेवला, सगळेच ठेवतात, बाकीचे जंतू तिथे सुखाने पडून राहतात — हा पठ्ठ्या नेमका थंडीला भित्रा! गेला. एकूण एक बशीतला गेला. आता जनुकांचा तपशील आहे माझ्याकडे, पण नवं नाव लावायचं तर जिवंत जंतू मोठ्या जंतुसंग्रहात जमा करावा लागतो, नियमच आहे. आणि नाव तर मी ठरवून बसलेय — कुणाचं ते नाही सांगणार — बरं, साहेबांचं नाही एवढं सांगते! म्हणून तुम्हाला बोलावलं. कापसाच्या काडीवर थोडासा पू, बस. सोडा ती पट्टी. मी तर सकाळपासून देवाला विनवतेय, की असू दे रे अजून — म्हणजे तसं नाही हो, तुमचा हात चिघळावा असं कोण म्हणेल — पण थोडासा, एका काडीपुरता...

अरे.

ही तर भरली. दाबते हं — इथे दुखतं? इथे? मूठ वळते? कामावर जाताय! मग पट्टी कशाला — काकू सोडू देत नाहीत? बरोबर आहे त्यांचं. कुठल्या औषधाने गुण आला? ते? अहो, ते तर मीच सुचवलं! त्याच्या जनुकांत दिसलं, नेहमीच्या औषधाला हा दाद देणार नाही, म्हणून डॉक्टरांना मीच फोन केला, धावत जाऊन केला! म्हणजे फ्रिजमधला मी मारला, आणि तुमच्या हातातला — तोही मीच! थांबा, हसू आवरेना — डोळ्यांतलं पाणी हसण्याचंच आहे, असं बघू नका. किती छान भरलीय हो. कातडी बघा कशी गुलाबी आलीय.

सासूबाईंना काय सांगू आता? जाऊ दे. उठा, काका. हात जपा, पटाशी नीट धरा. आणि चुकून पुन्हा लागलीच, तर आधी माझ्याकडे — नाही, काही नाही. जा म्हणते ना!