टेकडीवरची गुप्त गोष्ट

सपाट सुरतेत टेकडी कुठली, असं तू म्हणशील. पण एका बागेत मातीचा ढीग रचून केलेली होती बाई एक. चौऱ्याण्णवच्या प्लेगच्या आधीची गोष्ट. भेस्तान भागातल्या एकाच खोलीत आम्ही दोघं, मोठे दीर, जाऊबाई आणि त्यांची पोरं. दोघे भाऊ कापडाच्या कारखान्यात लूमवर. नवऱ्याशी दोन शब्द बोलायला जागा म्हणून नाही. सुट्टीला सगळे बागेत गेलो, तेव्हा बाकीच्यांना खाली बसवलं आणि गवतावर डोळा लागलेल्या ह्याला उठवून ढकलत ढकलत वर नेलं.

वरून अख्खं शहर दिसत होतं. हा म्हणतो, “हे पत्रे अन् धुराडी रोजच बघतो. यासाठी झोपेतून उठवलंस?”

मी हळूच म्हटलं, “आपण वेगळी खोली घेऊ या.”

“काय म्हनस?”

लूमच्या खडखडाटात जन्म काढणारा माणूस, त्याला हळू बोललेलं कुठलं ऐकू जातंय! सांगून सांगून घसा दुखला. शेवटी कळलं, तर कारखान्यात असल्यासारखा ओरडला, “वहिनीपासून वेगळं व्हायचंय तुला?”

खालचा माळीसुद्धा वळून बघायला लागला.

पाय ओढत उतरले. जाऊबाईंनी भेळ पुढे केली आणि शेजारी गवतावर घोरणाऱ्या दिरांकडे बोट दाखवलं.

“बैस. मागच्या वर्षी मीही ह्यांना वर नेऊन हेच सांगितलं होतं. अजून ऐकू गेलेलं नाही.”