कासव नसल्याचा दाखला

विषय : लिटल पाईक गाव, राज्य विस्कॉन्सिन, येथील ‘आर्लीन्स’ या हॉटेलासमोर विजेवर चालणारी, अक्षरं आपोआप बदलणारी पाटी उभारण्यास परवानगी मिळण्याबाबत.
संदर्भ : अर्ज क्रमांक सतरा, कलम सव्वीस, कलम तेहेतीस, आणि माझ्या बायकोचा डावा खुबा.

...नाही, हसू नका. खुबा संदर्भातच येतो. एकतीस वर्षं गावाच्या ऑफिसात कारकुनी केलीय मी, ऑर्व्हिल टेश म्हणतात मला, आणि विषय-संदर्भ घातल्याशिवाय मला घरातसुद्धा मीठ मागता येत नाही. आणि गैरसमज नको. ही तक्रार नव्हे, नोंद आहे.

तर पाटी. आमची जुनी पाटी तुम्ही हायवेवरून पाहिली असेलच, एकेकाळी पांढरी असलेली, तीन ओळींची, प्लॅस्टिकची काळी अक्षरं हाताने सरकवायची! रोज सकाळी अक्षरं बदलायची, कारण आज कुठला मासा आहे हे पंचक्रोशीला कळायला हवं, आणि पंचक्रोशी आमच्याकडे ताशी साठ मैलांनी येते, पाटीकडे दोन सेकंद बघते, मासा दिसला तर वळते, नाही दिसला तर गेली पुढच्या गावाला! अक्षरं चढवायला एक लांब काठी असते, टोकाला रबरी वाटी, ती अक्षराला चिकटते. म्हणजे उन्हाळ्यात चिकटते. पारा शून्याखाली गेला की त्या वाटीचा दगड होतो, आणि पारा आमच्याकडे शून्याखाली असतो किती महिने? पाच! मग काय, शिडी.

गेल्याच्या गेल्या फेब्रुवारीत आर्लीन त्या शिडीवर चढली. वय एकोणसत्तर. हातात ‘पर्च’ माशाची पाच इंग्रजी अक्षरं. पाय घसरला, पाच अक्षरांसकट खाली आली. अक्षरं शाबूत, खुबा मोडला. डॉक्टर म्हणाले, शिडी बंद. मी म्हटलं, मी चढेन, पण तुम्हाला सांगतो, दुसऱ्या पायरीवर गाव एका बाजूला जातं आणि चर्चचा मनोरा दुसऱ्या! आर्लीन पलंगावरून म्हणाली, “ऑर्व्हिल, एक तर ती विजेची पाटी आण, नाही तर हॉटेलाला कुलूप लाव. अठ्ठावीस वर्षं झाली. पुढचा हिवाळा मला त्या शिडीबरोबर काढायचा नाही.”

सोपं आहे की नाही? गल्ल्यावर बसून बटण दाबायचं, बाहेर ‘पर्च’. दुसरं बटण, ‘कॉड’. एकही पायरी नाही!

गेलो ऑफिसात. माझ्या खुर्चीवर हल्ली जॅनेल बसते. शहरातून आलेली, हुशार मुलगी, गोड बोलते, खुर्चीवरची गादी बदललीय. “या, या, मिस्टर टेश! कॉफी घेणार? आर्लीन, तुम्ही बसा, काठी इकडे ठेवा. अर्ज छान भरलाय हं. फक्त कलम सव्वीसचा दाखला राहिला.”

“कसला दाखला?”

“कासवांचा. पाटीच्या उजेडाने अंडी घालायला येणाऱ्या समुद्री कासवांना त्रास होणार नाही, असा.”

विस्कॉन्सिनात! जवळात जवळचा समुद्र गाडीने दोन दिवसांवर! कासव निघालं तर त्याची पिल्लं पेन्शनीत येतील तोवर! मी म्हटलं, “जॅनेल, हे कलम कुठल्या गाढवाने लिहिलं?”

ती पोरगी लाजली हो. फाईल माझ्याकडे वळवली. “तुम्हीच, मिस्टर टेश. ही सही. अक्षर किती सुरेख आहे तुमचं!”

आर्लीनने माझ्याकडे बघितलं. अठ्ठेचाळीस वर्षांच्या संसारात तिने माझ्याकडे असं एकदाच बघितलं होतं, आणि तेव्हा मी तिच्या आईच्या अंगावर गाडी घातली होती, हळू, पण घातली होती. म्हणाली, “मला वाटायचं तू ऑफिसात झोपा काढतोस. काढायच्या होत्यास रे.”

आता झालं होतं काय, बावीस वर्षांपूर्वी ट्रॅक्टरवाल्याने लुकलुकणारी पाटी लावली, लोक चिडले, समितीचा अध्यक्ष मिल्ट म्हणाला, “ऑर्व्ही, सोमवारपर्यंत नियम लिहून आण.” सोमवारपर्यंत! तेव्हा मी फ्लोरिडातल्या कुठल्याशा किनाऱ्यावरच्या गावाचे नियम मिळवले, एक्केचाळीस कलमं, काय भाषा, काय स्वल्पविराम, आणि प्रत्येक ठिकाणी त्या गावाचं नाव खोडून आमचं घातलं. दोनदा तपासलं, नाव एकही राहिलं नव्हतं. कासव राहिलं! समितीने वाचून मंजूर केलं. म्हणजे मंजूर केलं.

कलम रद्द करा म्हणाल, तर त्यालाही सुनावणी, तीच समिती. त्यापेक्षा दाखला बरा. राज्याच्या वन्यजीव खात्याला फोन लावला. “साहेब, आमच्या गावात समुद्री कासवं नाहीत, एवढं लिहून द्या.”

“नसलेल्या प्राण्याचं आम्ही लिहून देत नाही हो. असलेल्याचं देतो.”

“बरं, तुमच्या दप्तरी नोंद नाही, असं द्या.”

मग फोनवर शांतता. ती शांतता मी ओळखली. एकतीस वर्षं मी स्वतः ती लोकांना दिलीय. सात आठवड्यांनी, सप्टेंबरात, ‘नोंद नाही’ असं पत्र आलं. आर्लीन म्हणाली, चौकट करून लाव. तक्रार नव्हे, नोंद.

आणि मग कलम तेहेतीस. हे मात्र कुणाचं उचललेलं नाही. अस्सल माझं! सुनावणीची तारीख अर्जदाराने आपल्या आहे त्या पाटीवर सहा इंची अक्षरांत लावावी, सुनावणी पार पडेपर्यंत ठेवावी, एक दिवसही काढल्यास अर्ज बाद. जनतेला कळायला नको? लिहिलं त्या दिवशी मला झोप लागली नव्हती, इतका अभिमान वाटला होता.

आमची पाटी किती ओळींची? तीन. पहिली ओळ ‘जाहीर सुनावणी’, दुसरी तारीख, तिसरी वेळ. मासा कुठे लिहायचा? माझ्या कपाळावर? हायवेवरच्या माणसाला वाटायचं, इथे खटला चाललाय. एक ट्रकवाला आत आला, टोपी काढली आणि हळूच विचारलं, “खून कुणाचा झाला?” आर्लीन म्हणाली, “अजून झाला नाही,” आणि माझ्याकडे बघितलं.

तारखा ऐका. पहिली सुनावणी नोव्हेंबरात, हरणांच्या शिकारीच्या आठवड्यात! त्या आठवड्यात आमच्याकडे लग्न होत नाही, बारसं होत नाही, मरणारासुद्धा सोमवारपर्यंत दम धरतो. जॅनेलला बिचारीला काय ठाऊक! पाचांपैकी तीन सभासद हवेत, आला एक, तोही हातमोजे विसरले म्हणून. तारीख पुढे. तारीख पुढे म्हणजे पाटी बदला. पाटी बदला म्हणजे शिडी. शिडीवर कोण? मी. डोळे मिटून.

जानेवारीत मिल्ट आणि आणखी दोघे थंडीला कंटाळून फ्लोरिडात. जिथे खरी कासवं आहेत! पुन्हा तारीख, पुन्हा शिडी. मार्चमध्ये, विश्वास ठेवा, तीन सभासद हजर! मी टाय बांधला होता. मिल्ट उठला, घसा साफ केला, “माझी बायको आर्लीनची चुलत बहीण लागते, तेव्हा मी बाजूला होतो.” राहिले दोन. “ऑर्व्ही, वाईट वाटून घेऊ नकोस लेका, कलम अकरा.” कलम अकरा कुणाचं, ते विचारू नका.

आता मार्च म्हणजे काय, तर ईस्टरच्या आधीचे उपवासाचे शुक्रवार. सात. गाव मांस खात नाही, मासाच खातं. या सात शुक्रवारांवर आमचं हॉटेल वर्षभर उभं असतं. त्यातले चार ‘जाहीर सुनावणी’ने खाल्ले.

पाचव्या शुक्रवारी सकाळी मी नव्या तारखेच्या अक्षरांची पिशवी घेऊन शिडीवर. बर्फ भुरभुरतंय. खाली आर्लीन, काठी शिडीला अडकवून, दोन्ही हातांनी शिडी धरून. आत चाळीस पौंड मासा साफ करून ठेवलेला. अंगणात दोन गाड्या, त्यातली एक आमची. तिने अंगणाकडे बघितलं. मग म्हणाली, “ऑर्व्हिल, आज शुक्रवार आहे.”

एवढंच.

मला कलम तेहेतीस पाठ आहे. तरी मी पहिली ओळ काढली. मग दुसरी. मग तिसरी. पिशवीच्या तळाशी तीच पाच अक्षरं होती, तिच्याबरोबर पडलेली. ती लावली. डोळे उघडे ठेवून लावली, तुम्हाला सांगतो.

संध्याकाळी गाड्यांची रांग चर्चपर्यंत! मिल्टने दोन ताटं खाल्ली आणि बरोबर बायकोसाठी एक नेलं. आर्लीन टेबलांमधून काठी टेकत फिरत होती, लोकांना रागावत होती, म्हणजे खूश होती. जॅनेलही आली. निघताना हात पुसत म्हणाली, “मिस्टर टेश, असा पर्च मी जन्मात खाल्ला नव्हता. पत्र सोमवारी पाठवते हं.”

पाठवलं. अर्ज क्रमांक सतरा, कलम तेहेतीसनुसार बाद. त्याच दिवशी मी नवा अर्ज घेऊन हजर. तिने कागद लावले, टाचले, आणि कासवांच्या पत्रावर बोट ठेवलं. “हे सहा महिन्यांपेक्षा जुनं आहे, मिस्टर टेश. नवं लागेल.”

“अगं पोरी, सहा महिन्यांपूर्वी कासवं नव्हती!”

“मग आता नाहीत, असं लेखी हवं,” ती म्हणाली. “कलम सव्वीस, पोटकलम ब.”

पोटकलम ब बरोबर आहे. भाषाही चांगली आहे. खात्याला फोन केला, पलीकडे तीच शांतता. शिडी अजून पाटीला टेकवलेलीच आहे, रोज सकाळी मी चढतो, आर्लीन धरते. ही तक्रार नव्हे.

नोंद : अर्ज क्रमांक अठरा, कासवांबाबत खुलासा न आल्याने, प्रलंबित.