शेवटचा फर्मा

सान्याल : मृदुला, गदाधरबाबूंचं नाव काप. आत्ता, माझ्यादेखत.

मृदुला : कापते, मास्टरमशाय. आधी खुर्चीवर बसा. स्टेशनापासून चालत आलात ना? धाप लागलीय.

सान्याल : मी कलकत्त्याहून येतो आहे. सकाळी नऊपासून कॉलेज स्ट्रीटवरच्या नऊ जुन्या पुस्तकवाल्यांची धूळ खाल्ली. एकाच्या पोटमाळ्यावर चढलो, या वयात. आणि हे मिळालं. धर.

गदाधर : अरे वा. परवापर्यंत आमच्या कपाटाकडे बघून नाक मुरडत होतात, सान्यालबाबू. रॉकेट आणि राक्षस, पोराटोरांचं वाङ्मय. आता त्यासाठी पोटमाळे चढायला लागलात?

सान्याल : विषयांतर नको. मृदुला, वाचनालयाच्या प्रतीत जी शिफारशीची चिठ्ठी डकवली आहे, ती मोठ्यानं वाच.

मृदुला : "खाऱ्या आभाळाची नावाडीण. हे पुस्तक मी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलेलं आहे, म्हणून तुम्हाला वाचा म्हणतो. गदाधर सांतरा." सगळ्याच चिठ्ठ्यांवर हेच असतं, नाव तेवढं बदलतं.

सान्याल : आणि हे विधान असत्य ठरलं तर?

मृदुला : तर त्या माणसाला वर्षभर शिफारशीची चिठ्ठी लावता येत नाही. त्याच्या झाडून सगळ्या चिठ्ठ्यांवरचं नाव कापायचं. पण हा नियम गदाधरदांनीच भांडून करून घेतलाय, आणि तुम्ही तो त्यांनाच—

गदाधर : भांडणार नाही तर काय करणार? तो मागचा सेक्रेटरी मलपृष्ठ वाचून शिफारशी ठोकायचा. एकदा मी विचारलं, त्या तिसऱ्या ग्रहावरच्या राणीला किती हात होते? म्हणे दोन. अरे, तिला हातच नव्हते, दीडशे पानं त्याच्यावरच तर चालली होती. असल्या माणसाच्या शब्दावर कुणी आपले आठ दिवस का घालवावेत? पुस्तक सुचवणं म्हणजे दुसऱ्याचं आयुष्य मागणं असतं. फुकटात मागायचं नाही.

सान्याल : उत्तम. आता मला सांगा, या कादंबरीला पानं किती?

गदाधर : एकशे ब्याण्णव.

सान्याल : दोनशे आठ. ही बघा, माझ्या हातातली अखंड प्रत. वाचनालयाच्या प्रतीत शेवटची सोळा पानं नाहीतच. एक अख्खा फर्मा गायब. मी ती सोळा पानं येताना गाडीत वाचली. तुम्ही मला जो शेवट सांगितलात, तो या पुस्तकात कुठेच नाही.

मृदुला : थांबा, थांबा. फर्मा नाही हे तर मलाही माहीत होतं.

सान्याल : तुला माहीत होतं? मला वाटलं, शेवटचं एखादंच पान फाटलंय.

मृदुला : बारा वर्षं झाली. बाइंडिंगला दिलं होतं तेव्हा बाइंडरनं हरवला. मी भांडलेसुद्धा त्याच्याशी. पण मग रीतच पडली ना. पुस्तक परत करायचं, त्या बाकावर बसायचं आणि शेवट गदाधरदांकडून ऐकायचा. चौतीस जणांनी असाच वाचलाय. मला वाटलं, यांनी फर्मा हरवायच्या आधी वाचलं असणार. तसंच ना, गदाधरदा?

गदाधर : नाही.

मृदुला : नाही म्हणजे?

गदाधर : नाही म्हणजे नाही. मी पण फाटकंच वाचलं. नावाडीण दोन चंद्रांच्या मधल्या खाऱ्या समुद्रात होडी घेऊन निघालीय. तिची एक रात्र म्हणजे किनाऱ्यावरची सात वर्षं. मुलगी किनाऱ्यावर, आठ वर्षांची, आई सकाळी येते सांगून गेलेली. होडीच्या कडेला ती उभी राहते, मागे वळून बघते, आणि पान संपतं. पुढे पुठ्ठा. वर्षभर शोधली मी याची दुसरी प्रत. तुमच्यासारखी नऊ दुकानं नाही, जेवढी पायानं झेपली तेवढी. छापखानाच बुडालाय म्हणाले.

सान्याल : तर मग शिफारस का केलीत?

गदाधर : कारण त्याच्याइतकं चांगलं काही त्या कपाटात नव्हतं. आणि पहिल्यांदा नेलं ते पोस्टातल्या हारूच्या बायकोनं. आली, बाकावर बसली, डोळे हे असे, म्हणाली, दादा, पुढे काय झालं? आता तिला सांगू, मला ठाऊक नाही? माझ्या तोंडून निघून गेलं, ती होडी वळवते. मग मुलगी म्हातारी झालेली, आईपेक्षा म्हातारी, पण चालीवरून ओळखते. दुसऱ्याला सांगताना त्यात कंदील आला. तिसऱ्याला सांगताना कुत्रा.

मृदुला : कुत्रा तुमचा होता? मी त्या कुत्र्यासाठी रडलेय, गदाधरदा.

गदाधर : तो माझाच.

सान्याल : निर्लज्जपणाची परिसीमा आहे ही.

गदाधर : आहे. पण तुम्ही एवढे का तापलात ते मला कळत नाही. पोराटोरांचं वाङ्मय, आणि त्याचा शेवट चुकला म्हणून संस्कृतचा प्राध्यापक कलकत्त्याहून धावत येतो? खरं काय ते बोला की.

सान्याल : तत्त्वाचा प्रश्न आहे.

गदाधर : तत्त्वासाठी कुणी पोटमाळ्यावर चढत नाही.

मृदुला : मास्टरमशाय, पाणी घ्या. प्रत मिळवायला मुळात गेला होतात कशासाठी? यांनी सांगितलेला शेवट खोटा आहे हे तर तुम्हाला तेव्हा ठाऊकसुद्धा नव्हतं.

सान्याल : मिनूसाठी.

मृदुला : टोरांटोच्या मिनूसाठी?

सान्याल : ती दर रविवारी फोन करते. बाबा, औषध घेतलं? घेतलं. बाबा, जेवलास? जेवलो. चार मिनिटं. सहा वर्षं चार मिनिटं. मागच्या रविवारी काय बोलावं सुचेना, म्हणून मी तिला ही गोष्ट सांगायला लागलो. सहज. तिनं मध्ये तोडलं नाही. तिकडे पहाट होती, ती नुसती हं हं करत होती. एक तास पाच मिनिटं. शेवट सांगितला, आई वळते, मुलगी चालीवरून ओळखते. कुत्रासुद्धा सांगितला. मग ती म्हणाली, बाबा, ते पुस्तक मला पाठव.

गदाधर : मग पाठवा. हातात तर आहे.

सान्याल : हे पाठवू? यात ती वळत नाही, गदाधरबाबू. मी माझ्या मुलीला सांगितलं ती वळते, आणि आता पार्सल उघडून ती काय वाचणार? तुमच्या एका थापेनं मला खोटारडा बनवलं.

गदाधर : वळत नाही?

सान्याल : नाही.

गदाधर : आणा इकडे. आणा म्हणतो ना. मृदुला, माझा चष्मा.

(गदाधर खिडकीशी जाऊन उभ्यानं सोळा पानं वाचतो. मृदुला तिघांसाठी मातीच्या भांड्यांतून चहा आणते. त्याचा तसाच निवतो.)

गदाधर : हं.

सान्याल : बघितलंत? मुलगी साठीची होते आणि वाट बघणंच सोडून देते. हा काय शेवट झाला? याला काय अर्थ?

गदाधर : सोडून देत नाही. होड्या बांधायला घेते. नीट वाचा.

सान्याल : आई तिच्यासाठी वळत नाही, हे सत्य उरतंच.

गदाधर : वळेल कशी? होडीत दोनशे माणसं झोपलीत. तिनं वळवली तर त्यांची पोरं दुसऱ्या किनाऱ्यावर मरतील. बारा वर्षं मी तिला वळवत होतो, सान्यालबाबू, आणि त्या दोनशे जणांचं काय, हे मला एकदाही सुचलं नाही. ऐकणाऱ्या चौतीस जणांनाही नाही. लिहिणाऱ्या बाईनं सुरुवातीच्याच पानांवर त्यांची नावं दिलीत, मी ती विसरलो. तिनं आठवण ठेवली. मला फटके मारायला पाहिजेत.

मृदुला : पण तुमचा शेवट गोड होता हो.

गदाधर : गोडच होता. कारण तो माझा नव्हताच, गिरणीच्या फाटकाचा होता. तागाची गिरणी बंद झाली तेव्हा साहेब म्हणाला, तीन महिन्यांत उघडू. मी अकरा वर्षं त्या फाटकासमोर रोज सकाळी जाऊन बसायचो. डबा घेऊन. बायको म्हणायची, शिवणयंत्र घे, पिशव्या शिवू, मी म्हणायचो, उघडेल. मला ती होडी वळायलाच हवी होती. आणि ही बाई, देव जाणे कुठली, ती म्हणते, ऊठ, मूर्खा, फळी घे, रंधा घे. तिनं मला बारा वर्षांपूर्वीच सांगितलं होतं, पण त्या बाइंडरनं पान हरवलं.

सान्याल : तुमचा शेवट चांगला होता.

गदाधर : काय म्हणालात?

सान्याल : म्हणालो ना. तुमचाच चांगला होता. मला तो पाहिजे होता.

मृदुला : म्हणजे तक्रार खोट्याची नाहीच, मास्टरमशाय. तक्रार खऱ्याची आहे.

सान्याल : तू माझी विद्यार्थिनी होतीस तेव्हा इतकी बोलत नव्हतीस.

गदाधर : ऐका. माझं शिक्षण चौथीपर्यंत, मी काय तुम्हाला शहाणपण सांगू. पण हे पुस्तक मिनूला पाठवा. सोळाच्या सोळा पानं. आत चिठ्ठी टाका, की शेवट एका गिरणीवाल्यानं चुकीचा सांगितला होता, खरा हा आहे, आणि तुला कुठला पटतो ते रविवारी सांग. चार मिनिटांत नाही आटपायचं ते.

सान्याल : ती विचारेल, बाबा, तुला कुठला पटतो.

गदाधर : विचारू दे की. त्याचसाठी तर पुस्तक असतं.

मृदुला : पाठवायच्या आधी शेवटची सोळा पानं झेरॉक्स करून घेते. आपल्या प्रतीला चिकटवू. आणि ज्यांनी वाचलंय त्या चौतीस जणांचं?

गदाधर : त्यांच्या घरी मी जाईन. यादी दे. हारूच्या बायकोपासून सुरुवात करतो, ती मला झाडूनं मारणार. आणि आता ते काम कर.

मृदुला : कुठलं काम?

गदाधर : नाव काप.

मृदुला : गदाधरदा, मास्टरमशायांनी तक्रार मागे घेतल्यासारखंच आहे.

गदाधर : त्यांनी घेतली, मी नाही. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, असं लिहून मी खाली सही केली. बारा वर्षं ती सही खोटी होती. त्या सेक्रेटरीला याच टेबलावर मी चारचौघांत नागडा केला होता. आज स्वतःसाठी पळवाट काढू? काप. तुला जमत नसेल तर पेन दे, मीच कापतो.

मृदुला : कपाटात तुमच्या एकशे अकरा चिठ्ठ्या आहेत.

गदाधर : मग लाग कामाला. हे पहिलं. दे इकडे. हां. हे दुसरं. वर्ष काय, असं जातं. तोवर दुसरं कुणी शिफारस करेल. कंपाउंडरची बायको करेल, तिला समज आहे. मी दिलेलं ते ग्रह गिळणाऱ्या सासूचं पुस्तक तिनं तीनदा वाचलं, सासूला पण वाचायला लावलं.

सान्याल : कंपाउंडरची बायको? तिला मी ओळखत नाही.

मृदुला : ओळख होईल. तिसरं.

सान्याल : पण तिला माझी आवड काय कळणार? त्या नावाडणीच्या आधी तुम्ही मला ते काचेच्या शहराचं दिलंत, त्याच्या आधी ते झाडांच्या न्यायालयाचं. क्रमानं देत होतात. मी बघत होतो. प्रत्येक पुस्तक आधीच्याचा हात धरून येत होतं.

गदाधर : दिसलं होतं होय तुम्हाला? मला वाटलं, नाक मुरडताना डोळे मिटलेले असतात.

मृदुला : चौथं. पाचवं. हे दोन एकाच कादंबरीचे भाग आहेत, दोन्हीवर कापू?

गदाधर : दोन्हीवर.

सान्याल : सगळ्याच कापणार? सगळ्या एकशे अकरा?

मृदुला : सगळ्या.

सान्याल : मग वर्षभर मी वाचायचं काय?

गदाधर : बंदी चिठ्ठीवर आहे, सान्यालबाबू, तोंडावर नाही. सरका जरा, बसू द्या.